चाकं न खोलताच 'क्राउन-पिनियन बदललं' म्हणून ₹३८,४५० घेतले, हायवेवरच्या गॅरेजवाल्यांपासून सावध राहा

महत्त्वाचं आधीच सांगतो, कारण बरेच जण अर्ध्यातच वाचणं सोडतात. तुमची एसयूव्ही मागची चाकं फिरवणारी असेल, म्हणजे स्कॉर्पिओ, बोलेरो, फॉर्च्युनर या जातीतली, आणि रस्त्यात कुणी सांगितलं की डिफरन्शियलचं (मागच्या दोन चाकांच्या मधल्या गिअरच्या गोळ्याचं) तेल गळतंय आणि आत क्राउन-पिनियन, म्हणजे चाकांकडे ताकद वळवणारी दातेरी चक्रांची जोडी, गेलंय, तर एवढं डोक्यात ठेवा: असल्या गाडीची मागची चाकं काढून दोन्ही बाजूचे हाफ शाफ्ट (चाकांपर्यंत जाणारे दांडे) बाहेर ओढल्याशिवाय क्राउन हाउसिंगमधून, म्हणजे त्या गोळ्याच्या लोखंडी पेटीतून, निघत नाही. चाकं जागेवर असताना 'झालं काम' म्हणाला तर तो चोर आहे. मला हे तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं, आणि गाडीच्या डिलिव्हरीच्या वेळी किंवा सर्व्हिस सेंटरमध्ये हे कुणी सांगतही नाही.

गणपतीला गावी निघालो होतो. पुण्याहून ताम्हिणी उतरून मुंबई-गोवा हायवेला लागलो आणि बरंच पुढे गेल्यावर बाइकवरचे दोघं शेजारून आले, मागच्या चाकाकडे हात करून ओरडायला लागले. पुढचं तुम्हाला माहीतच आहे, थोड्याच अंतरावर गॅरेज असतं आणि गॅरेजवाला रिकामाच बसलेला असतो. बॉनेटमधून धूर काढणारे, टायरला खिळा मारणारे, इंजिनवर तेल शिंपडणारे, हे सगळे प्रकार मलाही ऐकून माहीत होते आणि म्हणूनच मी आधी थांबलो नाही, पुढे एका हॉटेलपाशी स्वतः गाडी लावून खाली वाकून बघितलं. तर खरंच तेल होतं. प्रोपेलर शाफ्ट, म्हणजे पुढून मागे येणारा लांब दांडा, जिथे हाउसिंगला जोडतात तिथे ओलं, आणि त्याच्या वरच्या पत्र्यावर गोल उडालेले शिंतोडे. आता मला सांगा, डोळ्यांनी तेल दिसतंय, गाडीत पंच्याहत्तरीची आई, शुगरची पेशंट, दुसऱ्या दिवशी चतुर्थी, बाहेर धो धो पाऊस, यात कोण म्हणेल की जाऊ दे, बघू नंतर? मी गाडी वळवून त्याच गॅरेजला नेली. तुम्हीही नेली असती.

गाडी खड्ड्यावर सपाट उभी केली. त्याने आधी शाफ्ट हाताने इकडून तिकडे फिरवला, टक टक आवाज झाला, म्हणाला "बघा साहेब, प्ले आलाय". नंतर कळलं की क्राउन आणि पिनियनच्या दातांमध्ये थोडी फट मुद्दाम ठेवलेलीच असते, त्याशिवाय दात फिरणारच नाहीत, तर तेवढी टक टक नव्या गाडीतही ऐकू येते. मग ड्रेन प्लग, म्हणजे तेल काढायचं खालचं बूच, काढला, त्याच्या लोहचुंबकाला राखाडी मलमासारखा गाळ चिकटलेला होता, तो बोटावर घेऊन मला दाखवला, "लोखंडाचा चुरा, दात गेले". तेही खोटं. तसा बारीक गाळ हा नेहमीच्या झिजेचा असतो आणि चुंबक तो पकडायलाच बसवलेलं असतं. हाताला टोचणारे चकचकीत तुकडे किंवा दाताची ढलपी निघाली तर घाबरायचं, मलमाला नाही. हे कुठल्याही प्रामाणिक मेकॅनिकला माहीत असतं, आणि त्यालाही माहीत होतंच.

पण मला आजही झोप लागू देत नाही ती गोष्ट याच्या आधीची आहे. ड्रेन प्लग काढायच्या आधी त्याने वरचा फिलर प्लग, म्हणजे तेल भरायचं बूच, खोलला होता. तो खोलल्या खोलल्या त्या भोकातून तेल बाहेर आलं. घळाघळा नाही, पण धार लागली. माझ्या डोळ्यांसमोर लागली! आणि तो म्हणाला "केवढं प्रेशर झालंय बघा आत". अरे, डिफरन्शियलच्या तेलाची लेव्हल फिलर भोकाच्या खालच्या काठापर्यंतच असते, तिथून तेल बाहेर येतंय म्हणजे हाउसिंग भरलेलं आहे! तेल कमी झालेलंच नाही तर तेलावाचून दात जळतील कसे? सगळं खोटं त्याच क्षणी उघडं पडलेलं होतं आणि मी तिथे छत्री धरून उभा होतो. पण मी अकाउंट्समध्ये नोकरी करतो, फिलर प्लग हा शब्द मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला, आणि समोरचा माणूस तीस वर्षं हेच करतोय असं छातीठोकपणे सांगत होता. त्याच्या खोटेपणाची जबाबदारी माझ्यावर कशी येते ते मला अजून कुणी पटवून दिलेलं नाही.

आकडा सांगितला ₹३८,४५०. क्राउन-पिनियन सेट २१,५००, बेअरिंग किट ६,८००, पिनियन सील (शाफ्टच्या तोंडाशी तेल अडवणारी कडी) ९५०, तीन लिटर तेल २,४००, मजुरी ६,८००. "पार्ट आणायला मुलाला पाठवतो, आधी पंधरा हजार टाका", ते क्यूआरवर टाकले, नाव आलं कुणा बाईचं, म्हणे मिसेसचं खातं आहे. मग आम्हाला समोरच्या हॉटेलात बसवलं, "पावसात कशाला उभे राहता, आईंना चहा पाजा". दोन तासांच्या आत बोलवायला आला. एका गोणपाटात तेलाने माखलेलं, दात तुटलेलं क्राउन दाखवलं, ते माझ्या गाडीचं म्हणून. मी म्हणालो जुना पार्ट मला द्या, तर म्हणे तो कंपनीत जमा करावा लागतो. दहा हजार रोख होते ते दिले, उरलेले १३,४५० परत त्याच क्यूआरवर. बिल म्हणून पिवळ्या पॅडचा कागद, त्यावर ना जीएसटी नंबर ना पत्ता, नुसता शिक्का.

निघताना माझ्या मुलाने गाडीपाशी उभं राहून फोटो काढून घेतला, बायकोने काढला. तो फोटो मी नंतर इतक्या वेळा मोठा करून बघितलाय. मागच्या चाकाच्या नटांच्या खोबणीत ताम्हिणीचा लाल चिखल जसाच्या तसा बसलेला आहे. एकाही नटाला पान्हा लागलेला नाही. सेटिंग करून क्राउन-पिनियन बसवायचं म्हणजे डायल गेज लावून फट मोजायची, शिम (पातळ चकत्या) घालायच्या, परत मोजायचं, चांगल्या वर्कशॉपमध्ये त्यात दिवस जातो. इथे दोन तासांत पार्ट बाजारातून आला, बसला आणि गाडी तयार! सणाच्या आदल्या दिवशी!

पुण्याला परत आल्यावर आठवड्याच्या आत पार्किंगच्या फरशीवर परत तेच डाग. आमचा नेहमीचा मेकॅनिक आहे, सगळे त्याला मामा म्हणतात, त्याच्याकडे नेली. मामाने खोलायच्या आधी विचारलं काय काय बदललंय, मी कागद दाखवला, तो वाचून त्याने गाडीखाली जाऊन पाच मिनिटांत मला खाली बोलावलं. पिनियनच्या नटावरची कंपनीची पेंटची खूण अखंड. तो नट ठोकून लॉक केलेला असतो, ती ठोकलेली कडा अखंड. सील बदलायला हा नट काढावाच लागतो, म्हणजे ९५० रुपयांचं सीलसुद्धा बदललेलं नव्हतं! तेल काढलं तर काळं, जुनं. मॅन्युअलमध्ये बघितलं तर माझ्या गाडीच्या हाउसिंगमध्ये दोन लिटरच्या आसपासच तेल मावतं, तीन लिटरचे पैसे कसले घेतले? त्यांनी फक्त बाहेरून डिझेल मारून पुसलं होतं आणि तेच तेल परत ओतलं होतं.

आता खरं कारण ऐका, कारण पावसाळ्यात गावी जाणाऱ्या कुणाच्याही गाडीला हे होऊ शकतं. हाउसिंगच्या वर एक छोटा ब्रीदर असतो, हवा आतबाहेर करायला. गाडी चालली की तेल तापतं, आतली हवा फुगते, ती ब्रीदरमधून निघून जाते. माझा ब्रीदर चिखलाने गच्च बंद झाला होता. मग ती हवा जाणार कुठे, सीलच्या ओठातून तेल ढकलून बाहेर. बास. एवढंच. मामाने ब्रीदर काढून डिझेलमध्ये धुतला, फुंकून बघितला, बसवला, त्याचे पैसेही घेतले नाहीत. सील दाबाने खराब झालं होतं म्हणून बदललं, ३८० रुपये, नवीन ८०डब्ल्यू-९० तेल ९००, मजुरी १,२००. ₹२,४८० मध्ये काम संपलं आणि अजूनपर्यंत थेंब नाही. ब्रीदर साफ न करता नुसतं सील बदललं असतं तर नवीन सीलही गळलं असतं, म्हणून कुठल्याही गॅरेजमध्ये सील बदलायच्या आधी ब्रीदर काढून दाखवायला सांगा, टाळाटाळ केली तर गाडी काढा. पिनियनचा नट पण नुसता ताकदीने आवळायचा नसतो, मामाने जुनी जागा खूण करून ठेवली होती, जास्त आवळला तर बेअरिंगवर जोर येऊन गाडी हूं हूं करायला लागते आणि मग खरोखरच मोठा खर्च येतो.

गळती कुठून आहे ते कळायला कुणी बुवा लागत नाही. खालचा भाग धुवून कोरडा करा, वीस-तीस किलोमीटर चालवा आणि परत बघा. शाफ्टच्या बाजूने शिंतोडे उडालेत तर पिनियन सील, चाकाच्या आतल्या बाजूने टायर ओला झालाय तर एक्सलचं सील, आणि यात तेल ब्रेकवर जातं म्हणून हे मात्र लगेच करा, हयगय नको. हाउसिंगच्या जोडावर ओलं असेल तर गॅस्केट. गिअर ऑइलला गंधकासारखा उग्र वास असतो, एकदा हुंगलात की विसरणार नाही. इंजिनचं तेलही वाऱ्याने मागे उडून तिथे बसतं, ते वेगळं. आणि क्रेटा, ब्रेझासारख्या गाड्यांना मागे डिफरन्शियल नसतंच, त्यांना कुणी मागचं डिफरन्शियल गळतंय सांगितलं तर काच बंद करून निघा. नुसतं ओलं असेल आणि थेंब पडत नसतील तर फिलर प्लग उघडून बोट घाला, बोटाला तेल लागलं तर आरामात घरी पोचता.

तक्रारीचं काय झालं ते लिहायलाच हवं. पुण्यातल्या पोलीस चौकीत गेलो तर घटना तिकडची, तिकडे जा. झिरो एफआयआर म्हणालो, १ जुलै २०२४ पासून नवीन कायद्यात हद्द न बघता तक्रार घ्यायची आहे, तर हवालदार म्हणाला ते मोठ्या गुन्ह्यांना असतं. कुठे लिहिलंय तसं? तिकडच्या ठाण्यात फोन केला, तिकडून उत्तर, पैसे तुम्ही राजीखुशीने दिलेत, काम नीट झालं नसेल तर ती दिवाणी बाब आहे. काम नीट झालं नाही अशी माझी तक्रारच नाहीये! काम केलंच नाही आणि केलं म्हणून पैसे घेतले, दुसऱ्या गाडीचा तुटलेला पार्ट दाखवून घेतले, याला फसवणूक म्हणतात, पूर्वी ४२० होतं आता भारतीय न्याय संहितेचं ३१८ आहे, हे मी अकाउंट्सवाल्याने पोलिसांना सांगायचं? सायबर हेल्पलाइन १९३० ला फोन केला, म्हणाले हा सायबर गुन्हा नाही, समोरासमोरचा व्यवहार आहे. बँक म्हणाली पिन तुम्ही स्वतः टाकलात, परत येणार नाही. आरटीओत विचारलं, खाजगी गॅरेज आमच्याकडे येत नाहीत. जीएसटीवाले म्हणाले त्याचा जीएसटी नंबर द्या, अहो तो नाही हीच तर तक्रार आहे! ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर मात्र नीट बोलले, डॉकेट नंबर (तक्रारीचा क्रमांक) मिळाला, पण समोरच्याला ईमेल नाही, पत्ता नाही, फोन उचलत नाही, म्हणून काही दिवसांनी 'बंद' असा मेसेज. सगळ्या खिडक्यांवर एकच विचारतात, तुम्ही आधी चौकशी का नाही केली. चोराला कुणी काही विचारत नाही. त्याच हायवेवर दर गणपतीला पोलिसांचे मदत तंबू लागतात, त्यांना ही गॅरेजं दिसत नाहीत का?

शेवटी जिल्हा ग्राहक आयोगात ऑनलाइन तक्रार टाकली आहे. २०१९ च्या कायद्यामुळे आपण राहतो त्या जिल्ह्यात दाखल करता येते, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, वकील लागत नाही, दोन वर्षांच्या आत करायची. मामाने प्रतिज्ञापत्र दिलंय, नटावरची खूण, बंद ब्रीदर, जुनं तेल, सगळ्याचे फोटो जोडलेत, आणि चिखलाच्या चाकाचा तो फोटो तारीख-वेळेसह. क्यूआरच्या व्यवहाराचे दोन्ही स्क्रीनशॉट जोडलेत, रोख दिलेल्या १०,००० चा मात्र त्या पिवळ्या कागदाशिवाय पुरावा नाही, तेव्हा अशा ठिकाणी एक रुपयाही रोख देऊ नका. जुना पार्ट हातात घेतल्याशिवाय दुसरा हप्ता देऊ नका. गाडी सोडून चहाला जाऊ नका, भिजलात तरी चालेल.

माहेरी, गावी, गोव्याला जाताना त्या पट्ट्यात कुणाच्या मागच्या चाकाकडे असाच हात करून गाडी थांबवली असेल, पिवळ्या पॅडवरचं बिल मिळालं असेल, तर तो कागद फेकू नका आणि लाजून गप्पही बसू नका, तुमच्या नावाने वेगळी तक्रार करा. माझ्या एकट्याची तक्रार 'व्यवहारातला गैरसमज' म्हणून बाजूला ठेवलीय, त्याच क्यूआरवर पैसे गेलेल्या चार-पाच जणांच्या आल्या तर तसं म्हणता येणार नाही.