न्यू जर्सीतलं अंगण: कोरियन स्पाइस की ॲरोवूड?

न्यू जर्सीतल्या एका मैत्रिणीला पुढच्या अंगणात व्हायबर्नम हे फुलांचं झुडूप लावायचंय आणि तिचं कोरियन स्पाइस आणि ॲरोवूड या दोन जातींमध्ये अडलंय.

सुगंधात तुलनाच नाही. कोरियन स्पाइसच्या गुलाबी कळ्या एप्रिल-मेमध्ये उमलून पांढऱ्या होतात आणि अख्खं अंगण घमघमतं. ॲरोवूडची पांढरी फुलं दिसायला बरी, वास नावालाच.

उंची: कोरियन स्पाइस हळूहळू चार-सहा फुटांपर्यंत जातं, खिडकीखाली मावतं. ॲरोवूड सहा ते दहा फूट वाढतं, बुंध्यातून फुटवे काढत पसरतं.

फळांत मात्र ॲरोवूड पुढे. निळी-काळी फळं पक्षी आवडीने खातात. पण एकटं झुडूप फारसं फळत नाही, जवळ दुसऱ्या वाणाचं हवं. म्हणजे खर्च दुप्पट.

खरा प्रश्न किडीचा. व्हायबर्नम लीफ बीटल ॲरोवूडच्या पानांची चाळण करतो. दोन-तीन वर्षं सलग पानं गेली तर झुडूप मरतंही. ऑक्टोबर ते एप्रिल कोवळ्या फांद्यांवर अंड्यांच्या रांगा शोधून त्या फांद्या कापायच्या, हे दरवर्षीचं काम. (थंडीत कोण करणार?) कोरियन स्पाइसला ही कीड सहसा त्रास देत नाही. कलमी रोप असेल तर खालून येणारे खुंटाचे फुटवे तेवढे काढावेत. छाटणी दोघांचीही फुलं ओसरताच, नाहीतर पुढच्या वर्षीच्या कळ्या जातात.

दाराजवळ, एकच झुडूप, वेळ कमी: कोरियन स्पाइस. मागच्या कुंपणाला आडोसा, पक्षी हवेत, ओलसर जमीन, अमेरिकेतल्या मूळच्या झाडांची हौस: ॲरोवूड, दोन वेगळे वाण.