कार्टून लिहायचंय: टाइप करून की चित्रं काढून?

टीव्हीवरच्या कार्टूनचा लेखक व्हायचं म्हटलं की दोन वाटा समोर येतात, आणि बाहेरून बघणाऱ्याला त्या दोन आहेत हेच अनेकदा कळत नाही. पहिल्या पद्धतीत आधी पूर्ण पटकथा लिहिली जाते, मग तिची चित्रं होतात. दुसऱ्या पद्धतीत लेखक मंडळी दोन-तीन पानांचा आराखडा देतात आणि संवादापासून विनोदापर्यंत बाकी सगळं स्टोरीबोर्ड (म्हणजे गोष्टीची चौकटी-चौकटींतली रेखाटनं) काढणारे कलाकार रचतात. या दोन्ही पद्धती अमेरिकन टीव्हीवर वर्षानुवर्षं शेजारी शेजारी नांदतायत, म्हणून उदाहरणं तिथलीच घेतोय.

फरक कळायला एक छोटा प्रसंग घेऊ. हत्तीला अरुंद दारातून आत जायचंय. पटकथेत तो असा येईल: 'हत्ती दारात अडकतो. मागेपुढे होतो. क्षणभर शांतता. हत्ती: हे दार हल्ली फारच जाड झालंय!' सगळी मदार शेवटच्या वाक्यावर. स्टोरीबोर्डवाला तोच प्रसंग चौकटींत मांडेल: हत्ती दाराकडे बघतो, पोट आत ओढतो, सोंड पलीकडे जाते, धड अडकतं, तो जोर लावतो, आणि पुढच्या चित्रात चौकटीसकट दार कमरेला अडकवून ऐटीत चालू लागतो. एकही शब्द नाही. पहिला प्रसंग लिहिताना तुम्हाला मजा आली असती की दुसरा? या प्रश्नाचं उत्तर प्रामाणिकपणे दिलंत तर अर्धा निर्णय झालाच.

खरं तर चित्रांनी लिहिणं ही जुनी पद्धत. सिनेमागृहांत दाखवायच्या छोट्या कार्टूनपटांच्या काळात 'स्टोरीमन' भिंतीवर रेखाटनं टाचून गोष्ट रचायचे. वॉर्नर ब्रदर्सकडे असंच काम केलेले मायकेल माल्टीज आणि वॉरन फॉस्टर पुढे टीव्हीसाठी कार्टून करणाऱ्या हॅना-बार्बेरा स्टुडिओकडे गेले. टीव्हीचा पैसा तुटपुंजा, त्यामुळे चित्रं कमी करावी लागली आणि हालचालींचं ओझं संवादांवर आलं. मग टाइप केलेल्या पटकथेला भाव येणं ओघानंच आलं.

पटकथेच्या वाटेवर आधी एखाद्या परिच्छेदाची कल्पना, मग आराखडा, मग पहिला खर्डा, मग दुसरा, असा प्रवास असतो. अकरा मिनिटांच्या भागाला साधारण 15 ते 18 पानं लागतात. खऱ्या नटांच्या मालिकेपेक्षा ही पानं जास्त, कारण पात्र भुवई कधी उचलतं हेसुद्धा कागदावर असावं लागतं. इथे नवखे एका गोष्टीत हमखास फसतात. 'मागून हजार मुंग्यांची वरात जाते' हे वाक्य टाइप करायला पाच सेकंद लागतात. ती वरात हलवताना चित्रकारांचे दिवसच्या दिवस जातात. गर्दी, नवी जागा, कपडे बदललेलं पात्र, प्रत्येक गोष्ट कुणीतरी नव्यानं काढणार असतं. ज्याला हे भान नाही, त्याचे खर्डे लाल रेघांनी भरून परत येतात.

मोठ्या मालिकांमध्ये शिवाय रायटर्स रूम असते, म्हणजे लेखकांनी एकत्र बसून काम करायची खोली. 'द सिम्पसन्स'मध्ये भाग एकाच्या नावावर असला तरी त्यातले विनोद अख्खी खोली घासूनपुसून घेते. मग आवाज देणाऱ्या कलाकारांसोबत वाचन, पुन्हा बदल, आवाजाचं रेकॉर्डिंग, कच्च्या हलत्या चित्रांवरून आणखी बदल. तुमची आवडती ओळ शेवटपर्यंत टिकली तर नशीब समजा.

स्टोरीबोर्डची वाट वेगळ्या अर्थानं कठीण आहे. 'स्पंजबॉब' (1999) आणि 'अ‍ॅडव्हेंचर टाइम' (2010) या अशा मालिका. आराखडा बहुतेक वेळा एखाद्या जोडीच्या हातात पडतो आणि काही आठवड्यांत शेकड्यांनी चित्रं काढायची असतात. मग 'पिच'. दिग्दर्शक आणि सहकाऱ्यांसमोर एकेक चौकट दाखवत, सगळ्या पात्रांचे आवाज स्वतः काढत गोष्ट सांगायची. खोलीत हशा पिकला नाही तर कारण विचारायची गरज पडत नाही. लाजऱ्याबुजऱ्या माणसाला हे जड जातं. पण एकट्याची छाप इथे जास्त उमटते, हे मान्य करावंच लागेल.

पैशाच्या बाबतीत दोन्हीकडे कामाचा मालक स्टुडिओच. लेखक पॉल डिनी आणि चित्रकार ब्रूस टिम यांची हार्ली क्विन 1992 मध्ये बॅटमॅनच्या कार्टून मालिकेत एका भागापुरती आली, पुढे कॉमिक्स आणि चित्रपटांत गाजली. पण ती पात्र म्हणून कंपनीचीच. पुनःप्रक्षेपणाच्या पैशातला फरक मात्र लक्षात ठेवा. फॉक्स वाहिनीच्या प्राइम टाइम (संध्याकाळी-रात्री लागणाऱ्या) कार्टूनचे लेखक 1998 मध्ये रायटर्स गिल्ड या लेखकांच्या संघटनेच्या छत्राखाली आले आणि तो पैसा लेखकाच्या हातात येतो. अ‍ॅनिमेशन गिल्ड या कार्टूनवाल्यांच्या संघटनेच्या करारात तो सामायिक आरोग्य आणि पेन्शनच्या निधीत जातो. म्हणजे काम तेच, करार बदलला की म्हातारपणीचं गणित बदलतं. एकेक भागापुरतं सुटं काम घेणाऱ्यांनी तर करार दोनदा वाचावा.

पुढे कुठे पोचता येतं? पटकथाकार कथा-संपादक, मग मुख्य लेखक होतो, आणि त्याला खऱ्या नटांच्या मालिका-चित्रपटांचीही दारं उघडी राहतात. कोनन ओब्रायन 'सिम्पसन्स'च्या लेखनातून थेट 1993 मध्ये रात्रीच्या गप्पांच्या कार्यक्रमाचा सूत्रधार झाला (हे टोकाचं उदाहरण, त्यावर योजना आखू नका). स्टोरीबोर्डवाला दिग्दर्शनाकडे सरकतो. रिबेका शुगर 'अ‍ॅडव्हेंचर टाइम'चे बोर्ड करता करता 2013 मध्ये स्वतःच्या 'स्टीव्हन युनिव्हर्स'ची निर्माती झाली.

माझं मत विचाराल तर चित्र अजिबात येत नसेल तर पटकथेकडे जा, त्यात कमीपणा नाही. चित्र बरं येत असेल आणि संवादही सुचत असेल तर बोर्ड निवडा. लिहिणारे पुष्कळ सापडतात, लिहिता येणारे चित्रकार कमी. 'आधी एक करतो, मग दुसरं' हा बेत मात्र मला फसवा वाटतो, कारण नमुनेच वेगळे लागतात. पटकथेसाठी एक चालू मालिकेच्या ढंगातली आणि एक पूर्ण स्वतःची पटकथा तयार ठेवा. बोर्डसाठी मोजकेच प्रसंग पुरतात, पण ते एकही संवाद न वाचता कळले पाहिजेत.