कॅम्पसचा ओला कचरा: पाल्यासोबत खत करायचं की बायोगॅस?

कॉलेजच्या पर्यावरण क्लबला थोडा निधी मंजूर झाला की मेसच्या खरकट्यासाठी दोन पर्याय पुढे येतात: जाळीच्या हौदात खत किंवा बायोगॅसची टाकी. पुण्याच्या हवेत दोन्ही चालतात. मात्र एका कॅम्पसला जे सोयीचं, ते दुसऱ्याला असेलच असं नाही. निवड करताना आवारात झाडं किती, मेस वर्षात किती महिने चालू असते आणि रोज हात घालायला पगारी माणूस आहे का, हे तीन प्रश्न यंत्राच्या किमतीपेक्षा जास्त महत्त्वाचे आहेत.

त्याआधी आठवडाभर वजन करा, रविवारसकट. तीन वेगळे डबे ठेवा: एकात साली-देठं, दुसऱ्यात ताटातलं खरकटं, तिसऱ्यात न वाढता उरलेलं अन्न. तिसरा डबा जड भरत असेल तर आधी मेस चालवणाऱ्याशी बोलून जेवणाऱ्यांची संख्या आदल्या दिवशी घेण्याची सोय करा. जे अन्न उरणारच नाही, त्याचं ना खत करावं लागतं ना गॅस. चहाचे कागदी कप मात्र दोन्हीकडे चालत नाहीत, कारण त्यांना आतून प्लास्टिकचा पातळ थर असतो.

पुढचा हिशेब रोजच्या 50 किलो ओल्या कचऱ्याचा धरला आहे.

काय लागतं

खताला पाला लागतो, आणि तो बऱ्यापैकी लागतो. खरकट्यात नत्र (नायट्रोजन) आणि पाणी जास्त, वाळक्या पानांत कर्ब (कार्बन) जास्त. कर्ब-नत्राचं प्रमाण 25 ते 30 ला 1 च्या आसपास आलं की खताची रास कुजताना नीट तापते. मोजायला सोपं करायचं तर एक घमेलं खरकटं, दोन ते तीन घमेली पाला. म्हणजे दिवसाला दोन-तीन गोण्या. सत्र चालू असतानाचे दोनशे दिवस धरले तरी चारशे ते सहाशे गोण्या होतात. पुण्यात बहुतेक पानगळ फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये होते, त्यामुळे वर्षाचा पाला त्याच काळात गोळा करून, वळवाच्या पहिल्या सरीआधी छपराखाली रचावा लागतो. रेन ट्रीची बारीक पानं पटकन कुजतात. आंबा, वड, साग यांची पानं श्रेडरमधून (पाला बारीक करणाऱ्या यंत्रातून) काढा; सागाची पानं अख्खी टाकली तर एकावर एक बसतात आणि त्यांच्या खाली हवा पोचत नाही.

बायोगॅसला पाला नको, पाणी हवं: 50 किलो बारीक केलेल्या कचऱ्यात साधारण 50 लिटर. हे रोजचे 100 लिटर मिश्रण टाकीत 40 दिवस राहायला हवं, म्हणून टाकी किमान 4,000 लिटरची, शिवाय वर गॅस साठवायची जागा. पुण्याच्याच आरती (ARTI) या ग्रामीण तंत्रज्ञानावर काम करणाऱ्या संस्थेला 2006 साली शाश्वत ऊर्जेसाठी दिला जाणारा अ‍ॅशडेन पुरस्कार मिळाला तो स्वयंपाकघरातल्या कचऱ्यावर चालणाऱ्या घरगुती बायोगॅससाठी. त्यात एका प्लास्टिकच्या टाकीत दुसरी उपडी ठेवलेली असते. मांडणी साधी आणि उत्तम आहे, पण ती दिवसाला एक-दोन किलो कचऱ्यासाठी आहे. तसल्या एका टाकीत मेसचं खरकटं ओतलं तर ती आठवड्यात आंबते.

काय बिघडतं

खताच्या राशीत बिघाड झाला तर तो वासावरून कळतो. नाकात झोंबणारा अमोनियाचा वास आला तर पाला कमी पडलाय. सडक्या अंड्याचा वास आला तर पाणी जास्त आणि हवा कमी: रास उलटा, कोरडा पाला मिसळा. मिश्रण मुठीत घट्ट दाबलं की बोटांच्या फटीत ओल दिसावी, पण पाणी टपकू नये. लांब दांड्याचा थर्मामीटर जरूर घ्या. तिसऱ्या-चौथ्या दिवशी राशीच्या पोटात 55 ते 65 अंश दिसले पाहिजेत. रास एक घनमीटरपेक्षा लहान असेल तर उष्णता टिकत नाही, म्हणून हौद 1 × 1 × 1 मीटरचे करा. असा एक हौद साधारण आठवड्यात भरतो आणि खत मुरायला आठ-नऊ आठवडे लागतात. त्या हिशेबाने दहा हौद, शिवाय एक उलटायला रिकामा. तळ विटांवर उचललेला आणि वर पत्रा हवाच, नाहीतर जुलैत रासेचा चिखल होतो. दर थर पाल्याने झाकला तर माश्या येत नाहीत. करड्या, जाड अळ्या दिसल्या तर घाबरू नका, त्या बहुधा ब्लॅक सोल्जर फ्लायच्या असतात आणि खरकटं झपाट्याने संपवतात.

टाकीतला बिघाड लवकर दिसत नाही, म्हणून तो जास्त त्रासाचा. सुरुवातीला शेणाचं विरजण लावून दोन-तीन आठवडे थांबावं लागतं. पहिला गॅस पेटत नाही, कारण त्यात मिथेन कमी असतो. मग उत्साहात एकदम 50 किलो टाकलं की आम्ल वाढतं, सामू (pH) 6.5 च्या खाली जातो आणि मिथेन तयार करणारे जिवाणू मंदावतात. ज्योत विझू लागली की खाद्य बंद करा, शेणकाला द्या, चुन्याची निवळी घालून सामू 7 पर्यंत आणा. सुरुवात 5 किलोने करून महिनाभरात वाढवत नेलेलं बरं. लिंबाच्या साली, हाडं, अंड्याची टरफलं टाकीत नकोत. डिसेंबर-जानेवारीत रात्री पारा 10 अंशांजवळ उतरतो तेव्हा गॅस कमी होतो. टाकी उन्हात ठेवा.

गॅसचा दाब कमी असतो, त्यामुळे टाकी स्वयंपाकघरापासून 20-30 मीटरच्या आत हवी. पाइपात साठणारं पाणी काढायला सर्वात खालच्या जागी तोटी बसवा. एलपीजीच्या शेगडीचं जेट (गॅस येण्याचं छिद्र) मोठं करून घ्या किंवा बायोगॅसचीच शेगडी आणा. गंधकयुक्त वायूने बर्नर गंजतात, म्हणून लोखंडी किसाची गाळणी लावा.

हाती काय येतं

इथे बायोगॅसचं पारडं जड. 50 किलोतून 4 ते 5 घनमीटर गॅस मिळतो, म्हणजे सुमारे 2 किलो एलपीजीची बचत. महिन्याला 19 किलोचे तीन सिलिंडर. मेस चालवणाऱ्याला ही बचत समजते, त्यामुळे तो वर्गीकरणही मनापासून करतो. पण त्याच टाकीतून रोज जवळजवळ 100 लिटर स्लरी, म्हणजे कुजलेल्या कचऱ्याचं पातळ पाणी, बाहेर पडते, आणि प्रस्तावात तिचा उल्लेख सहसा नसतो. बाग किंवा लॉन असेल तर पाणी मिसळून देता येते. नसेल तर ती गटारात जाते, आणि मग तुम्ही कचरा फक्त एका जागेवरून दुसऱ्या जागी हलवलेला असतो.

खतातून इंधन मिळत नाही. मात्र खरकट्याबरोबर पालाही मार्गी लागतो, आणि आवारात पाला जाळणं थांबतं. घनकचरा नियमांनी उघड्यावर जाळायला मनाई केलेली असूनही फेब्रुवारीत शहरात धूर दिसतोच, त्यामुळे आमच्या लेखी ही मोठी गोष्ट आहे.

मे महिना

विद्यार्थ्यांचा क्लब नेमका इथे अडकतो. सुट्टीत खताच्या हौदांना पाच-सहा आठवडे कोणी हात लावला नाही तरी फारसं नुकसान नाही. फार तर रास कोरडी पडते, पाणी मारून उलटली की पुन्हा तापते. टाकी उपाशी ठेवली तर गॅस थांबतो आणि जूनमध्ये ती पुन्हा हळूहळू वाढवत न्यावी लागते. म्हणून वर्षभर चालणारी मेस, बाग आणि रोज तासभर देणारा पगारी माणूस असेल तर बायोगॅस घ्या. कॅन्टीन फक्त सत्रापुरती, झाडं भरपूर आणि माळी सोबतीला असेल तर खत. बहुतेक क्लबांना आम्ही खतच सुचवू.

'24 तासांत खत' देणाऱ्या विजेच्या यंत्रावर पैसे घालू नका. त्यातून निघतं ते बहुतांशी वाळवलेलं खरकटं. ओलं झालं की पुन्हा तापतं, वास मारतं आणि कोवळ्या रोपांची मुळं जाळतं. गांडूळखतही मेसच्या तेल-मिठाच्या खरकट्यावर थेट जमत नाही. रास थंड झाल्यावर, दुसऱ्या टप्प्यात गांडुळं सोडायला हरकत नाही.

खत ठरलं तर जाळी आणि पत्र्याचं काम जानेवारीत उरकून घ्या, म्हणजे पानगळ सुरू होताना गोण्या ठेवायला जागा असेल. बायोगॅस ठरला तर स्लरी कुठे जाणार आणि सुट्टीत टाकी कोण सांभाळणार, हे वसतिगृहाकडून लेखी घेऊन मगच टाकीची ऑर्डर द्या.