जर्मनीत पावणेतीन महिने फॉरेक्स कार्ड वापरलं, त्याचा अनुभव

श्टुटगार्टला पोराकडे नातू झाला म्हणून 2024 च्या उन्हाळ्यात आम्ही दोघं हिंगणघाट तालुक्यातल्या आमच्या गावातून निघालो. व्हिसा 90 दिवसांचा. नागपूरच्या एका बँकेतून युरो भरलेलं फॉरेक्स कार्ड घेतलं, सोबत नेहमीचं डेबिट कार्ड. रिझर्व्ह बँकेच्या 2020 च्या नियमामुळे परदेशात कधीच न वापरलेलं डेबिट कार्ड आधी देशातच चालतं, त्यामुळे त्याचा परदेशी वापर घरूनच ॲपमधून सुरू केला.

तिकडे दुकानांत कार्ड चाललं, तक्रार नाही. पण कोपऱ्यावरच्या बेकरीत आणि शनिवारच्या भाजीबाजारात नोटाच लागत.

फॉरेक्स कार्डाचा पिन सुरू व्हायचा होता, म्हणून पहिले पैसे डेबिट कार्डानं काढले. स्टेशनवरचं मशीन, कोणत्याच बँकेचं नाही. 200 युरो मागितले तर पडद्यावर 20,160 रुपये, ‘हमखास दर’ वगैरे, आणि खाली मोठं हिरवं बटण. आपल्या पैशात आकडा दिसला की बरंच वाटतं हो. दाबलं.

संध्याकाळी पोरानं हिशोब मांडला. त्या दिवशी युरो 90 रुपयांच्या आसपास होता, मशीननं 100 रुपये 80 पैसे लावले. रुपयांतलं हे रूपांतर नाकारून युरोतच घेतले असते तर माझ्या बँकेचं साडेतीन टक्के मार्कअप, म्हणजे परदेशी व्यवहारावरचं जादा शुल्क, आणि त्यावरचा जीएसटी धरूनही 18,750 च्या आत भागलं असतं. म्हणजे चौदाशे रुपये गेले. दहा रुपये किलोनं वेचाई धरली तर जवळपास दीड क्विंटल कापूस.

याला म्हणतात डायनॅमिक करन्सी कन्व्हर्जन, म्हणजे मशीननंच स्वतःच्या दरानं युरोचे रुपये करून ते आपल्या खात्यातून घेणं. आमची मंडळी ऐकून म्हणाली, “हा तं खेडा खरेदीवालाच झाला! दारात येते, काटा त्याचा, भावही त्याचाच.” यापेक्षा नीट मला सांगता येणार नाही.

पुढच्या वेळी फॉरेक्स कार्ड. मला वाटलं, यात युरोच आहेत तर प्रश्न येणार नाही. आला! कार्ड भारतातलं आहे हे मशीनला कळतं, ते रुपयांतच विचारतं. इथं हो म्हटलं तर युरोचे रुपये आणि त्या रुपयांचे परत युरो, दोन्हीकडून कापणी. मी ‘रूपांतराशिवाय’ निवडलं. व्यवहारच रद्द होईल अशी धाकधूक होती, तसं होत नाही. पडद्यानं पुन्हा एकदा विचारलं, पुन्हा नाही म्हटलं, नोटा बाहेर. कार्डातून 200 युरो आणि कार्डाचं शुल्क 2 युरो गेलं, बस्स.

मशीनचं स्वतःचं शुल्क मात्र वेगळं असतं, रूपांतर नाकारून ते टळत नाही. एकानं 5 युरो मागितले, तेव्हा रद्द करून पुढच्या चौकातल्या बँकेच्या मशीनवर गेलो. दर वेळी शुल्क बसतंच, म्हणून पन्नास-पन्नास काढण्यापेक्षा एकदम 200-300 काढत गेलो.

दुकानातल्या स्वाइप मशीनवरही तोच खेळ. एकदा काउंटरवरच्या मुलीनं न विचारताच रुपये निवडले. बिल रद्द करून परत युरोत करायला लावलं. मागे रांग होती, चेहरे बघण्यासारखे झाले.

कार्ड फुकट पडलं असं समजू नका. भरतानाच बँकेनं बाजारभावावर युरोमागे दीडेक रुपया जास्त घेतला होता. परत आलो तेव्हा त्यात 140 युरो उरलेले. ते रुपयांत करायला नागपूरची चक्कर, फॉर्म, आणि दर भरतानाच्यापेक्षा कमी. शेवटच्या आठवड्यात किराणा त्याच कार्डावर घ्यायला हवा होता.