एक्सेलचं पासवर्ड प्रोटेक्शन: बरेच महिने वापरल्यावरचा अनुभव

बजेटची एकच फाईल टीममधले सगळे भरतात, त्यामुळे गेले बरेच महिने एक्सेलचं पासवर्ड प्रोटेक्शन रोजच्या वापरात आहे. आधीच सांगतो, चुकून कोणी फॉर्म्युला उडवू नये यासाठी मस्त आहे, पण पगाराचे आकडे लपवायला शीट प्रोटेक्ट करत असाल तर नका करू.

कारण पासवर्ड एक नाही, चार प्रकारचे आहेत आणि निम्मी डोकेदुखी तिथूनच सुरू होते. फाईल उघडतानाच विचारतो तो (ओपन पासवर्ड) खरा, त्याने अख्खी फाईल एन्क्रिप्ट होते, म्हणजे पासवर्डशिवाय वाचताच येत नाही, २०१६ पासूनच्या व्हर्जनमध्ये एईएस २५६ बिट या मजबूत पद्धतीने. 'मॉडिफाय'चा पासवर्ड फक्त त्याच फाईलवर सेव्ह करू देत नाही, रीड-ओन्ली उघडून दुसऱ्या नावाने सेव्ह केली की झालं. वर्कबुक (म्हणजे अख्खी फाईल) स्ट्रक्चरवाला शीट ॲड, डिलीट, रिनेम बंद करतो (हे ऑप्शन पुसट दिसले की कारण बहुतेक हेच). आणि शीट प्रोटेक्शन म्हणजे सेल एडिट होऊ नयेत एवढंच. हे सिक्युरिटी फीचर नाही असं मायक्रोसॉफ्टनेच लिहून ठेवलंय. लपवलेल्या कॉलममधला आकडा दुसऱ्या फाईलीतून लिंक देऊन आरामात वाचता येतो, बघा करून.

सगळ्यात जास्त येणारी तक्रार म्हणजे "प्रोटेक्ट केलं आणि आता काहीच टाईप होत नाही". होणारच, कारण एक्सेलमध्ये सगळे सेल मुळातच लॉक्ड असतात, फक्त प्रोटेक्ट करेपर्यंत ते जाणवत नाही. म्हणून आधी भरायचे सेल निवडून फॉरमॅट सेल्समध्ये प्रोटेक्शनच्या टॅबवर लॉक्डची टिक काढायची आणि मगच प्रोटेक्ट करायचं.

फिल्टरचं जरा विचित्र आहे. प्रोटेक्ट करताना ऑटोफिल्टरला टिक द्यायची हे लोकांना माहीत असतं, पण फिल्टर त्याआधीच लावलेला पाहिजे, नाहीतर टिक असून उपयोग नाही. सॉर्टचं त्याहून वाईट, टिक दिली तरी त्या रेंजमधला एकही सेल लॉक्ड असेल तर सॉर्ट होतच नाही, म्हणजे ज्या टेबलात फॉर्म्युल्याचा कॉलम आहे तिथे ते ऑप्शन असून नसल्यासारखंच. टेबलाच्या खाली टाईप केलं की नवी रो आपोआप जोडली जाते ना, प्रोटेक्टेड शीटवर तेही बंद. ग्रुप केलेल्या रो उघडायचं प्लसचं बटणसुद्धा चालत नाही. त्यावर मॅक्रोचा (एक्सेलमध्ये चालणारा छोटा प्रोग्राम) उपाय आहे, पण ते सेटिंग फाईल बंद केली की जातं, दर वेळी उघडताना परत चालवावं लागतं.

"पासवर्ड बरोबर आहे तरी घेत नाही" असं कोणी म्हटलं की मी आधी कॅप्स लॉक बघायला सांगतो, मग कीबोर्ड मराठीवर राहिलाय का ते. चौकटीत नुसते ठिपके दिसतात, कळणार कसं? नोटपॅडमध्ये टाईप करून बघायचा आणि तिथून पेस्ट करायचा, फक्त शेवटी एखादी स्पेस चिकटून येत नाही ना ते पाहायचं, हे प्रकरण बऱ्याचदा त्या स्पेसवरच येऊन थांबतं.

आता विसरलात तर. शीटचा पासवर्ड विसरला आणि फाईल तुमचीच असेल तर फार टेन्शन नको, सेल सिलेक्ट होत असतील तर सगळं कॉपी करून नव्या फाईलीत पेस्ट करा, फॉर्म्युले हिडन केलेले नसतील तर तेही येतात. ओपन पासवर्ड विसरला तर मात्र विषय संपला, मायक्रोसॉफ्टही काढून देत नाही, आणि फाईल अपलोड करा पासवर्ड काढून देतो म्हणणाऱ्या साईट्सना पगाराची शीट देणं म्हणजे चोराच्या हाती किल्ली. मी ओपन पासवर्ड हा पासवर्ड मॅनेजरमध्ये (पासवर्ड साठवणारं ॲप) ठेवतो आणि तो लावायच्या आधी एक विचार करतो, की या फाईलीत एकाच वेळी दोघांना काम करायचंय का, कारण पासवर्डने एन्क्रिप्ट केलेल्या फाईलीत डेस्कटॉप एक्सेलमधून ते जमत नाही. तशी गरज असेल तर पासवर्ड न लावता फोल्डरचा ॲक्सेसच मोजक्या लोकांना दिलेला बरा.