"वहिनी, पुढं त्रास झाला तर पुन्हा अर्ज टाकू"

मागच्या मंगळवारी ह्यांच्या फिटच्या गोळ्या आणायला गेले, तेव्हा अपघाताच्या भरपाईचे दावे लावून देणारा तो माणूस पुन्हा दिसला. त्याच हॉस्पिटलात, अपघात विभागाबाहेरच्या बाकांजवळ, काखेत प्लास्टिकची फाईल. एका बाईशी बोलत होता. तिच्या पायाशी जेवणाचा डबा आणि गुंडाळलेली चादर. तो गेल्यावर मी त्या बाईला गाठून सगळं सांगितलं. पण मी तिथं रोज नसते, म्हणून लिहितेय.

सप्टेंबर २०२३ मध्ये नाशिकजवळ ह्यांच्या मोटारसायकलला पिकअपनं मागून उडवलं. हासळी मोडली आणि डोक्याला मार लागला. सीटी स्कॅनमध्ये कपाळामागच्या भागात रक्त साकळलेलं दिसलं, पण ऑपरेशन लागलं नाही. वय ३४, वर्कशॉपमध्ये टर्नर, पगार २२,०००.

हा माणूस पाचव्या दिवशी आला. "वहिनी, आत्ता एक रुपया देऊ नका. पैसे आले की तीस टक्के." एफआयआरची प्रत आणि पंचनामा त्यानंच आणून दिला, तिथंच माझा विश्वास बसला. वकीलपत्रावर आणि चार कोऱ्या कागदांवर माझ्या आणि ह्यांच्या सह्या घेतल्या. ज्या माणसाला त्या दिवशी वार सांगता येत नव्हता, त्याचा हात धरून सही घेतली. वकीलसाहेबांना मी पुढं एकदाच पाहिलं, लोकअदालतीच्या दिवशी.

घरी आल्यावर हासळी जुळली. बाकी काहीतरी बिघडलंय हे मला जाणवत होतं, पण नीट सांगता येत नव्हतं. चिडायचे, दिवसा झोपायचे. सासूबाई म्हणायच्या, अशक्तपणा आहे. कामावर परत गेले आणि अकराव्या दिवशी मालकांनी मला बोलावून घेतलं. ह्यांच्या हातात व्हर्निअर, म्हणजे बारीक माप घ्यायचं साधन, दिला. ह्यांनी माप बरोबर वाचलं, वहीकडे वळले आणि पेन धरून तसेच उभे राहिले. तेवढ्यात आकडा गेला होता. पुन्हा मोजलं, पुन्हा गेला. चौदा वर्षं ज्या हातांनी माप घेतलं, त्यांच्याकडे ते बघत राहिले. मालक म्हणाले, "ताई, मशीनवर हात जाईल त्याचा."

हे मी त्या माणसाला सांगितलं. तो म्हणाला, वर्षभरात माणूस ठीक होतो, आणि कायद्यात सहाच महिने असतात, आता लवकर मिटवलं पाहिजे. यातलं अर्धं खरं होतं आणि त्यातच मी फसले. १ एप्रिल २०२२ पासून मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात अर्ज अपघातानंतर सहा महिन्यांत करायचा, असा नियम आहे. पण ती मुदत दावा दाखल करायची. मिटवायची नाही. आमचा दावा तर दाखल झालेलाच होता.

दहाव्या महिन्यात लोकअदालतीत सात लाखांवर तडजोड झाली. मी विचारलं, ह्यांचं डोकं सुधारलं नाही तर? "वहिनी, पुढं त्रास झाला तर पुन्हा अर्ज टाकू." मी सही केली. पैसे जमा झाले त्याच आठवड्यात त्यानं दोन लाख दहा हजार रोख नेले.

चौदाव्या महिन्यात ओट्यापाशी उभे असताना ह्यांना पहिली फिट आली. दूध उतू जात होतं आणि हे फरशीवर. डॉक्टरांनी सांगितलं, डोक्याच्या मारानंतर फिट अशी महिन्यांनी, कधी वर्षांनीही सुरू होते. स्मरणशक्तीची आणि लक्ष टिकण्याची तपासणी तेव्हा पहिल्यांदा झाली.

दुसऱ्या वकीलबाईंनी न्यायालयातून फाईलच्या नकला काढल्या. त्यात अपंगत्वाचा दाखला होता फक्त खांद्याचा, १८ टक्के. मेंदूच्या डॉक्टरांचे जे कागद मी स्वतः त्याच्या हातात दिले होते, त्यातला एकही लावलेला नव्हता. बाईंनी माझ्यासमोर हिशेब मांडला. वर्षाचे २,६४,०००, पुढच्या पगारवाढीचे चाळीस टक्के धरून ३,६९,६००, चौतीस वयाला ठरलेला गुणक (किती वर्षांची कमाई धरायची तो आकडा) १६, म्हणजे ५९,१३,६००. कमाईची क्षमता निम्मीच गेली असं धरलं तरी साडेएकोणतीस लाख. औषधं आणि सांभाळणारं माणूस वेगळं. दाखल्यावरची टक्केवारी म्हणजेच कमाईतलं नुकसान असं नसतं, हे सर्वोच्च न्यायालयानं २०१० मध्येच राजकुमार विरुद्ध अजयकुमार प्रकरणात सांगितलंय. अवयव किती निकामी झाला यापेक्षा त्या माणसाला त्याचं काम करता येतं का, हे बघायचं. व्हर्निअरचा तो प्रसंग न्यायाधीशांपुढं यायलाच हवा होता.

आणि पुन्हा अर्ज? १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याप्रमाणे लोकअदालतीच्या निवाड्यावर अपीलच नाही. उच्च न्यायालयात रिट याचिका करता येते, तीही मोजक्या कारणांवर. आम्ही ती केली आहे. लोकअदालत वाईट नाही. हात मोडला, जुळला, खर्च कळला, तर जरूर मिटवा. डोक्याच्या माराचा खर्च दहाव्या महिन्यात कळत नाही. आमच्या डॉक्टरांनी निदान दीड-दोन वर्षं थांबून पुन्हा तपासणी करायला सांगितलं असतं. मी त्यांना विचारलंच नाही, कारण तो माणूस रोज फोन करत होता.

वकिलानं निकालातल्या रकमेत हिस्सा ठरवणं बार कौन्सिलच्या नियमांत बसत नाही, हे मला फार उशिरा कळलं. आता तक्रार दिली आहे. त्या माणसाची पावती नाही, फोनही तो उचलत नाही. माझ्याकडे आहे ते पासबुक, त्यात एका दिवशी काढलेले २,१०,००० रुपये. कुणी रोखच मागितले तर निदान ते बँकेतून, एकाच दिवशी काढा. आणि पासबुकात लगेच नोंद मारून घ्या.