कुड्याची साल घ्यायची तर इथे

रविवार पेठेतल्या या काष्ठौषधींच्या दुकानातून आमच्या फार्मसी कॉलेजच्या लॅबसाठी कुड्याची साल घेतली, जुलाब-आमांशावर देतात ती. माल चोख. कुडा मागितला की काही ठिकाणी काळ्या कुड्याची साल गळ्यात मारतात. ती एवढी कडू नसते. इथल्या काकांनी आधी तुकडा चघळायलाच दिला. तोंड असं कडवटलं की नंतरचा चहाही बेचव लागला. अर्कात ड्रॅगेनडॉर्फ (अल्कलॉइडं ओळखायचं रसायन) टाकल्यावर नारिंगी साका लगेच बसला, म्हणजे अल्कलॉइडं, वनस्पतीतली नायट्रोजनयुक्त द्रव्यं, आहेत.

पुढे एथिक्स कमिटीच्या परवानगीने उंदरांवर चाचणी. आधी अर्क, मग तोंडावाटे एरंडेल, पिंजऱ्याखाली टीपकागद आणि 4 तास ओले डाग मोजत बसायचं. तुलनेसाठी एका गटाला लोपेरामाईड, म्हणजे जुलाब थांबवायचं नेहमीचं औषध. अर्कवाल्यांचे कागद बरेच कोरडे निघाले, लोपेरामाईडइतके नाहीत. अर्थात एरंडेलाने होणारे जुलाब आतड्यात सुटणाऱ्या रिसिनोलेइक आम्लामुळे होतात, जंतूंमुळे नव्हे. आमांशावर कुडा चालतो की नाही, हे यातून ठरत नाही. काका मात्र "कॉलेजवाल्यांनी तपासलंय" म्हणून गिऱ्हाइकांना सांगत सुटलेत!

तक्रार एकच. बिलावर नुसतं 'साल' लिहितात. कुठून तोडली विचारलं तर "ताई, कोकणातली आहे" एवढंच. वनस्पतीच्या ओळखीचा दाखला आम्हाला वेगळा काढावा लागला. भरड मात्र सांगाल तशी करून देतात. पावसाळ्यात घेणार असाल तर पोतं उघडून बघा, सालीला बुरशी धरते.